उन्हाळी सहलीच्या पानावर भरती-ओहोटीची वेळही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परीक्षा संपत आल्या की आपल्या पुरवणीत ‘सुट्टीत कुठे जाल’ हे पान येते. अलिबागचा कुलाबा किल्ला आणि आसपासच्या किनाऱ्यांवरचे तंबूतले मुक्काम त्यात हमखास असतात. अंतर, रस्ता, मांडव्याची लाँच, राहायची सोय, सगळे व्यवस्थित दिलेले असते. फक्त त्या दिवशी भरती किती वाजता आणि ओहोटी किती वाजता, हे कुठेच नसते. आणि कुलाब्याच्या सहलीत सगळ्यात आधी तेच लागते. किल्ला समुद्रात आहे, ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी असते. ही वेळ ठाऊक नसेल तर बाकीची माहिती घेऊन माणूस किनाऱ्यावर उभा राहतो आणि किल्ल्याकडे बघून परत येतो. तो परत आला तर नशीब. काही जण पाण्यात शिरतात.

पावसाळ्यात आपणच साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस ठळक चौकटीत देता. मुंबईत पाणी कधी तुंबेल ते कळावे म्हणून ती चौकट असते आणि ती फार उपयोगाची आहे. पण उन्हाळ्यातही समुद्र दिवसातून दोनदा चढतो नि दोनदा उतरतो, आणि पोराबाळांना घेऊन माणसे त्याच्या काठाला झोपायला जातात ती उन्हाळ्यातच.

माझे सासर अष्टागरातले, म्हणजे अलिबागजवळच्या किनारपट्टीतले. आम्ही राहतो पनवेलला, पण सासऱ्यांची नारळी-पोफळीची वाडी अजून आहे. वैशाखात दीर, नणंदा, त्यांची मुले सगळी तिथे जमतात. जुने घर लहान आणि माणसे फार, म्हणून वाडीत तंबू ठोकायची पद्धत पडली. आता मुले घरात झोपायला तयारच नसतात. या मुक्कामाची तारीख आमच्याकडे माझ्या सासूबाई ठरवतात, आणि ती ठरते तिथीवर. शाळा, रजा, शनिवार-रविवार यांचा विचार त्यानंतर.

त्यांचा हिशोब किनाऱ्यावरच्या कुणालाही पाठ असतो, पण घाटावरच्या आणि मुंबईच्या वाचकांसाठी लिहिते. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती, पहाटे आणि दुपारीही. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. हा अंदाज आहे, अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, आणि अष्टमी-नवमीच्या सुमारास त्याहून जास्त पडतो. अचूक वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात दरवर्षी छापून येतात. पण बेत आखायला, कुठली तारीख धरायची आणि कुठली सोडायची हे ठरवायला, पाऊणपटीचा हिशोब पुरतो.

आता हाच हिशोब सुट्टीला लावून बघा. बुद्ध पौर्णिमेची सुट्टी असते, उन्हाळ्यातच येते, म्हणून त्या दिवशी किनाऱ्यावर जत्रा असते. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे मुंबई-पुण्याहून पहाटे निघालेली माणसे चहा-नाश्ता उरकून किनाऱ्यावर पोचतात तेव्हा उधाणाची भरती शिगेला असते. ओहोटी संध्याकाळी साडेपाचला. ती बघून चालत निघाले तर परत यायला अंधार, आणि पाणी पुन्हा चढायला लागलेले. शिवाय किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहे, सूर्य मावळल्यावर तिथे थांबता येत नाही. सुट्टीचा दिवस म्हणून जो सगळ्यात सोयीचा वाटतो, तो कुलाब्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा.

अष्टमीचे उलटे आहे. ओहोटी दुपारी बाराच्या पुढे येते, वेळ सोयीची दिसते. पण अष्टमीला भांगाचे पाणी. चढतेही कमी आणि उतरतेही कमी. मधला पट्टा पुरता कोरडा होतच नाही. मोठ्यांच्या गुडघ्याला लागणारे पाणी सहा वर्षांच्या मुलाच्या मांडीपर्यंत जाते, आणि वरून वैशाखातले बाराचे ऊन.

आम्ही धरतो द्वितीया ते चतुर्थी. पौर्णिमा-अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे पाणी खूप आत ओसरते आणि ओसरते ते सकाळी. अक्षय्य तृतीयेचेच घ्या. तीन पाऊणे सव्वादोन, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सव्वासातला किनारा सोडायचा, सावकाश चालत किल्ल्यात जायचे, सगळे बघायचे आणि दहाच्या आत परत वाळूवर यायचे. ऊन तापायच्या आत मुले झाडाखाली. पुरवणीच्या पानावर एवढे एक वाक्य असते तरी कितीतरी कुटुंबांची सुट्टी सार्थकी लागली असती.

वाटेविषयी दोन शब्द. दुरून सपाट वाळू दिसते, पण पुढे खडक आहे आणि खडकावर कालवे, म्हणजे धारदार शिंपल्यांचे जीव, चिकटलेली असतात. त्यांची कड पात्यासारखी लागते. साध्या चपलेतून पाय घसरतो आणि मग हात टेकतो, तोही कालवांवरच. मागे पट्टा असलेली रबरी सँडल मुलांच्या पायात हवीच. ओहोटीला बायका कोयती घेऊन तिथे कालवे काढत बसलेल्या असतात. वाटेविषयी काही शंका असली तर त्यांना विचारावे. त्या उठून किनाऱ्याकडे चालायला लागल्या की आपणही निघावे. सासूबाईंचे गुडघे आता खडकावर चालू देत नाहीत, त्या घोडागाडीने येतात. घोटाभर पाणी असले तरी घोडा जातो.

आणि पाणी परत येते तेव्हा ते समोरून लाट होऊन येईल या समजात राहू नये. ते दोन्ही बाजूंनी, खडकातल्या खोलगट जागांतून गुपचूप भरते. आपण उभे असतो तो खडक कोरडा असतो आणि किनाऱ्याकडची वाट पाठीमागे भरलेली असते. म्हणून पाण्याकडे बघून निघायचे नाही, घड्याळ बघून निघायचे. आमच्या मुलांपैकी एकाकडे घड्याळाचे काम दिलेले असते आणि त्याने ‘चला’ म्हटले की मोठ्यांनीही फोटो आवरायचे असतात. हे काम मिळावे म्हणून मुलांत भांडणे होतात.

किल्ल्यात काय बघायचे ते आपल्या लेखांत येतेच, पण ‘शिवकालीन किल्ला, गणपतीचे मंदिर, दोन तोफा’ एवढ्यावर उरकले जाते, याची मला खंत वाटते. मुलांना घेऊन जाणाऱ्याने तटाच्या दगडांपाशी थांबावे. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. मुलांना विचारावे, का नसेल? आमच्या भाचीने एकदा फटीत हात घातला तर आतून ओला लागला. तिथेच तिला उत्तर मिळाले. लाट आपटते तेव्हा पाणी फटींतून आत शिरते, जोर विरतो आणि मग पाणी परत बाहेर येते. चुन्याने बंद केलेल्या भिंतीला प्रत्येक लाटेचा सगळा मार अंगावर घ्यावा लागला असता. शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तेव्हापासून तट लाटा खात उभा आहे.

तोफांवर मुले चढून बसतात आणि मोठी माणसे सांगतात, या कान्होजी आंग्रे यांच्या तोफा. तोफेवर 1849 हे साल कोरलेले आहे, इंग्लंडातल्या कारखान्याचे नाव आहे. कान्होजी 1729 मध्ये वारले. आंग्र्यांचे राज्य खालसा झाल्यानंतरच्या या इंग्रजी तोफा आहेत. कान्होजींचे मोठेपण सांगायला या तोफांची गरजही नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले होते आणि दोघांना हात हलवत परत जावे लागले. हे त्या तटावर उभे राहून सांगितले की मुलांना समुद्र वेगळा दिसायला लागतो. मग आत गणेश पंचायतन, राघोजी आंग्रे यांनी 1759 मध्ये बांधलेले, आणि चहूकडे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर. आमच्याकडे मुले त्या विहिरीपाशी सगळ्यात जास्त रेंगाळतात. त्यासाठीही ओहोटीची वेळ नीट साधलेली हवी. उशिरा पोचलेली माणसे धावत तोफेजवळ फोटो काढतात आणि धावत परत फिरतात.

आता तंबूंविषयी. हे मी जरा कळकळीने लिहिते, कारण घरातलाच अनुभव आहे. आमच्या नात्यातल्या एका कुटुंबाने मागे पौर्णिमेच्या सुमारास किनाऱ्यावरचा तयार तंबू भाड्याने घेतला होता. चांदणे बघायचे, लाटांचा आवाज ऐकत झोपायचे, अशी हौस. तंबू अगदी पाण्याजवळ, स्वच्छ वाळूवर लावलेले. संध्याकाळी समुद्र लांब होता. पण संध्याकाळची ओहोटी म्हणजे मध्यरात्रीची भरती, आणि पौर्णिमेची म्हणजे उधाणाची. रात्री बाराला अंथरुणाखालून पाणी आले. लहान मुलांना उचलून, अंधारात चपला शोधत सगळे वर धावले. कुणाला इजा झाली नाही, सामान गेले. चालकाचे म्हणणे, ‘आदल्या आठवड्यात इथेच लावले होते, तेव्हा काही झाले नाही.’ आदल्या आठवड्यात अष्टमी होती!

वाळू कुठवर सुरक्षित आहे हे समुद्र स्वतः लिहून ठेवतो. किनाऱ्यावर सुकलेल्या काड्या, शेवाळ, शिंपल्या, प्लॅस्टिक यांची एक रेघ असते. ती शेवटच्या भरतीची खूण. पण भांगाच्या दिवसांत नीट पाहिले तर तिच्या बरीच वर दुसरी, जास्त सुकलेली, अर्धी वाळूत पुरलेली रेघ दिसते. ती मागच्या उधाणाची. तंबू या वरच्या रेघेच्याही वर हवा. तयार तंबू घेणाऱ्यांनी सामान उतरवण्याआधी ही रेघ दाखवायला सांगावी. दाखवता आली नाही तर दुसरीकडे जावे.

खरे तर माझे मत असे, की मुले बरोबर असताना वाळूवर तंबू लावूच नये. वाडीत लावावा. अष्टागरात वाडीत राहायला देणारी घरे पुष्कळ आहेत. सावली असते, विहिरीचे पाणी असते, रात्री कुणी आजारी पडले तर दार ठोठावायला घर असते. मात्र नारळाच्या बुडाशी तंबू नको. वाळलेली झावळी पडते ती आवाज न करता सुटते, आणि नारळाचे तर सांगायलाच नको. आम्ही नारळ काढणाऱ्या पाडेकऱ्याला आधी बोलावून घेतो, तंबूच्या बाजूच्या झाडांचे नारळ आणि वाळल्या झावळ्या उतरवून घेतो, मगच जागा आखतो. पोफळीच्या बाजूला कमी धोका, पण तिथे शिंपण्याची ओल असते आणि ओल तिथे डास. तंबूचे दार पश्चिमेकडे ठेवावे. दुपारनंतर समुद्रावरचा वारा येतो आणि तो आतून खेळला नाही तर तंबूत बसवत नाही. चूल मोकळ्या अंगणात, वाळलेल्या पातेऱ्यापासून लांब. आणि सगळा कचरा परतीच्या गाडीत.

सुरूच्या बनात तंबू लावण्याची कल्पना छान आहे, पण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरची कितीतरी झाडे आडवी केली. आमच्या वाडीतल्या पोफळी तर निम्म्याहून जास्त गेल्या. नवी रोपे अजून सावली देण्याएवढी झालेली नाहीत. जुन्या छायाचित्रात गर्द बन दिसले म्हणून त्या भरवशावर निघू नये. जूनचा मुक्काम तर ठरवूच नये, असे मी सगळ्यांना सांगते. सुट्टी संपता संपता एक चक्कर मारू म्हणणारी माणसे दरवर्षी भेटतात. ते वादळ जूनच्या तिसऱ्याच दिवशी आले होते.

दुपारी भरती असते तेव्हा काय करायचे, असे बायका मला विचारतात. पुष्कळ आहे. अक्षीचा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, आणि तो बघायला गर्दी नसते. अलिबाग गावात कान्होजींची समाधी आहे. चार वाजता ऊन उतरले की रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी, पलीकडे कोर्लई. कोर्लईच्या गावात अजून पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात, ती मुलांना कानाने ऐकू द्यावी. पोहायचे असेल तर तेही घड्याळ बघून. पाणी ओसरत असताना ओढ आत असते, तेव्हा मुलांना पाण्यात सोडू नये. पाणी चढत असताना, किनाऱ्याजवळ, मोठे माणूस समुद्राच्या बाजूला उभे राहून.

म्हणजे सकाळचा किल्ला, दुपारचे पाणी, रात्रीची झोप, सगळे या दोन वेळांवर चालते. म्हणून माझी विनंती. आपण रोज पंचांग छापता. सूर्योदय, सूर्यास्त, तिथी, नक्षत्र, सगळे असते. त्याच चौकटीत एप्रिल-मे महिन्यांत अलिबागसाठी पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांच्या वेळा द्याव्यात. दोन ओळी लागतील. रायगडच्या आवृत्तीपुरते ठेवू नये. मुंबई, पुणे, नाशिक या आवृत्त्यांत आधी द्यावे, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला या वेळा तोंडपाठ असतात आणि लांबून येणाऱ्याला माहीत नसतात. आणि सुट्टीच्या पुरवणीत कुलाब्याचा लेख येईल तेव्हा त्याच्याजवळ त्या दोन महिन्यांतल्या चांगल्या सकाळींच्या तारखा द्याव्यात. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे ते दोन-तीन दिवस बहुधा आठवड्याच्या मधेच येतात. त्या दिवशी वडखळच्या नाक्यावर गाड्यांची रांगही लागत नाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर, माणसे किल्ल्याकडे चालायला सुरुवात करतात तिथे, एक फळा असावा आणि त्यावर रोज सकाळी ‘आज अमुक वाजेपर्यंत परत या’ एवढे कुणीतरी लिहावे, असेही मला वाटते. ते आपल्या हातातले नाही, पण आपण लिहिलेत तर ज्यांच्या हातात आहे ते वाचतील. खडू मी द्यायला तयार आहे, आणि मुक्कामाच्या दिवसांत रोज सकाळी जाऊन लिहायलाही.

पुरवणीचे पान लागण्याआधी हे पत्र आपल्यापर्यंत पोचावे म्हणून आजच टाकते आहे.

आपली,
एक नियमित वाचक, पनवेल